भूकंपानंतरची मदत : थोडे उशिरा जा, पण जास्त दिवस थांबा

हिंगोली आणि नांदेड परिसराला २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास भूकंपाचे धक्के बसले. त्यानंतर, मूळच्या मराठवाड्यातील पण आता पुण्यात स्थायिक झालेल्या काही कुटुंबांच्या गटाने मला एक प्रश्न पाठवला. उद्या मोठा भूकंप झाला तर आम्ही पैसे द्यावेत, वस्तू पाठवाव्यात की स्वतः जावे, असा तो प्रश्न आहे. १९९३ साली त्यांच्या वडीलधाऱ्यांनी किल्लारीकडे कपड्यांचा एक ट्रक पाठवला होता आणि त्या कपड्यांचे पुढे काय झाले हे कोणालाच कळले नाही, असेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. या वेळी तयारी आधीपासून असावी म्हणून त्यांनी घरोघरचे जुने कपडे जमवून चौदा पोती भरून ठेवली आहेत आणि सहा तरुण निरोप येताच निघायला तयार आहेत.

तीन दशके हे काम केल्यानंतर माझे उत्तर असे आहे की पैसे द्यावेत, वस्तू मागितल्याशिवाय पाठवू नयेत, आणि जायचे असेल तर पहिल्या आठवड्यात न जाता दीड-दोन महिन्यांनी जावे. यातला तिसरा भाग अनेकांना खटकतो, म्हणून तो नीट समजावून सांगणे मला आवश्यक वाटते.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणपती विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. त्या वेळी मी सोलापुरात समाजकार्य शिकवत होते, आणि जखमींना घेऊन येणाऱ्या गाड्या सकाळपासूनच शहरात शिरताना पाहिल्यामुळे आम्ही काही सहकारी आणि विद्यार्थी तिसऱ्या दिवशी सास्तूरच्या दिशेने निघालो. पाऊस पडत होता. उमरग्याच्या पुढे रस्ता ट्रक, जीप, ट्रॅक्टर आणि नुसत्याच बघायला आलेल्या माणसांनी इतका भरला होता की आमची गाडी काही तास जागची हलली नाही, आणि आमच्या मागे एक रुग्णवाहिका अडकून पडली होती. आमच्या जीपमध्ये नऊ उत्साही माणसे आणि बिस्किटांचे दोन खोके याशिवाय काहीही नव्हते. त्या रुग्णवाहिकेला अडवणाऱ्या गर्दीत आम्हीही होतो, ही गोष्ट मी नंतर माझ्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आले आहे.

पहिल्या दोन दिवसांत जाऊन आपण कोणाला ढिगाऱ्यातून वाचवू, ही कल्पना त्या भागातील घरांच्या बाबतीत तर फारच भाबडी होती. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील जुनी घरे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंतींची आणि वर माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, असत. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर मातीत रचलेले असत, पण त्या दोन्ही थरांना आडवे बांधून ठेवणारे लांब दगड सहसा घातलेले नसत. त्यामुळे हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटून ढासळले आणि लाकडी तुळयांवरचा, दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून वर्षानुवर्षे जाड होत गेलेला मातीचा थर थेट झोपलेल्या माणसांवर आला. सिमेंट काँक्रीटची इमारत कोसळते तेव्हा स्लॅबच्या मध्ये पोकळ्या राहतात आणि माणूस कधीकधी चार-पाच दिवसही जिवंत राहू शकतो. माती आणि दगडांच्या ढिगाखाली अशी हवा उरत नाही. जे वाचले त्यांना शेजाऱ्यांनी, भावकीने आणि शेतावर झोपायला गेल्यामुळे बचावलेल्या घरच्याच माणसांनी पहिल्या काही तासांत हातांनी माती उपसून बाहेर काढले. सुमारे आठ हजार माणसे गेली.

आता परिस्थिती थोडी बदललेली आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल २००६ पासून कार्यरत आहे आणि त्याची एक बटालियन पुण्याजवळ तळेगाव परिसरात आहे. त्यांच्याकडे श्वान, काँक्रीट कापण्याची यंत्रे आणि बचावाचे शिक्षण घेतलेले जवान असतात. आपल्या सहा तरुणांपैकी कोणाला बचावकार्यातच रस असेल, तर त्याने आत्ता, शांततेच्या काळात, ‘आपदा मित्र’ योजनेखालील प्रशिक्षण जिल्हा प्रशासनाकडून मिळते का याची चौकशी करावी आणि पुण्यातच नाव नोंदवून ठेवावे. शिवाय, जिथे तो राहतो तिथे भूकंप झाला तर पहिला बचाव करणारा तोच असणार आहे. दूरच्या गावी तो पोहोचेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

वस्तूंविषयी थोडे विस्ताराने लिहायचे म्हटले तर कपड्यांपासूनच सुरुवात करावी लागेल. किल्लारी भागात पहिल्या पंधरवड्यात जे कपडे आले त्यांत जीन पँट, शाळेचे जुने गणवेश, सलवार-कमीज, तुटक्या चेनचे स्वेटर आणि एका गाठोड्यात तर लग्नातला कोट होता. त्या गावांतील प्रौढ बाया नऊवारी लुगडे नेसत आणि म्हातारी माणसे धोतर नेसत. पाचवारी साडीसोबत परकर लागतो आणि परकर कोणीच पाठवला नव्हता, त्यामुळे मिळालेली साडी अंगावर घेण्यापलीकडे बायकांना वापरता येत नव्हती. आतले कपडे, पाळीसाठी लागणारे स्वच्छ सुती कापड आणि आडोशाला लावायला एखादी जाड चादर, या तीन गोष्टी मी विचारल्यावर बायका हळू आवाजात सांगत. ट्रक आल्यावर आधी धावून जाणाऱ्या पुरुषांना त्या कशा सांगणार होत्या? उरलेले कपडे रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडले आणि ते उचलून जाळण्यासाठी माणसे लावावी लागली. आपल्या वडीलधाऱ्यांच्या ट्रकचे काय झाले असावे, याचे उत्तर बहुधा हेच आहे. त्यांच्या भावनेत खोट नव्हती, पण कोणीही त्यांना यादी दिली नव्हती.

खाण्याच्या वस्तूंचेही तसेच झाले. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसांपुढे पावाचे ढीग आले. त्यांना हवे होते ते पीठ, तवा, रॉकेल, काड्यापेटी, मीठ, चटणी आणि पाणी साठवायला झाकणाची कळशी. शिजवलेले अन्न दोन-तीन दिवस ठीक असते. त्यानंतर स्वतःची चूल पेटवणे हा घरातल्या बाईसाठी सावरण्याचा पहिला टप्पा असतो आणि बाहेरच्या अन्नछत्राने तो लांबवू नये, असे माझे मत आहे. ताडपत्री, दोर, बांबू, बॅटरी, घमेली, फावडी आणि टिकाव या वस्तूंची गरज मात्र नेहमी कमीच भागते. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर हेच दिसले. मे महिन्यात पावसाळा डोक्यावर आला होता आणि गोरखा, सिंधुपाल्चोक अशा डोंगरी जिल्ह्यांत प्रत्येकाला पत्रे आणि ताडपत्री हवी होती, तर काठमांडूच्या एकुलत्या एका आंतरराष्ट्रीय विमानतळाची धावपट्टी जड विमानांच्या वर्दळीने खराब होऊ लागल्यामुळे मोठ्या विमानांना बंदी घालावी लागली. न मागितलेल्या वस्तूंनी भरलेले प्रत्येक विमान तेव्हा कोणाच्या तरी ताडपत्रीची जागा अडवत होते.

म्हणून वस्तू पाठवायच्याच असतील तर तीन प्रश्नांची उत्तरे हातात असल्याशिवाय ट्रक भरू नये. ही वस्तू नेमकी कोणी मागितली, ती तिथे कोण उतरवून घेणार आहे, आणि जवळच्या बाजारात ती विकत मिळत नाही याची खात्री केली आहे का? किल्लारीच्या वेळी लातूर, उमरगा आणि सोलापूरच्या बाजारपेठा चालू होत्या. पुण्याहून आणलेली घमेली उमरग्याच्या दुकानातही होती. ती तिथेच विकत घेतली असती तर वाहतुकीचा खर्च वाचला असता आणि त्या दुकानदाराचाही धंदा चालला असता, कारण त्याचे गिऱ्हाईक म्हणजे हीच भूकंपग्रस्त गावे होती.

आता सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट सांगते. किल्लारीच्या वेळी पडत होता तो हस्ताचा पाऊस होता आणि रब्बीच्या ज्वारीची पेरणी दारात उभी होती. जमिनीला ओल होती, पण बैल मेलेले, तिफण आणि कुळव ढिगाऱ्याखाली, बियाणे कणगीत किंवा पेवात दबलेले, आणि घरातला कर्ता पुरुष एक तर गेलेला किंवा सोलापूरच्या रुग्णालयात मुलाच्या खाटेशी बसलेला. ऑक्टोबरचा पंधरवडा गेला की पेरणीची वेळ गेली. बाहेरून आलेल्या शेकडो संस्थांपैकी फार थोड्यांच्या हे लक्षात आले, कारण आम्ही सगळे गावठाणाकडे पाहत होतो आणि शेताकडे पाठ होती. एका गावात एका वयस्कर शेतकऱ्याने मला विचारले, “बाई, तुमी समदे पडलेल्या घरातच काय हुडकाया लागलाव? रान तर उभंच हाय.” त्यानंतर आम्ही शेजारच्या तालुक्यातून बैलजोड्या आणि ट्रॅक्टर भाड्याने आणून चाळीसेक कुटुंबांची पेरणी करून दिली. झालेला खर्च कपड्यांच्या एका ट्रकच्या भाड्याहून फार जास्त नव्हता, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्या घरांत धान्य आणि जनावरांना कडबा आला. प्रत्येक भूकंपाला असा एक हंगाम असतो. मच्छीमार गावात तो होड्यांचा असेल, डोंगरात तो पाऊस किंवा बर्फ येण्यापूर्वीचा असेल. तेथील माणसाला विचारल्याशिवाय तो कळत नाही.

पैशांकडे वळण्यापूर्वी जाणाऱ्यांविषयी लिहिते. पहिल्या आठवड्यात ज्यांनी जावे ते लोक थोडे असतात आणि त्यांना सहसा बोलावणे आलेले असते, म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका, पशुवैद्यक, वीज आणि पाणीपुरवठ्याचे तंत्रज्ञ, आणि घर आत जाण्याजोगे आहे की नाही हे सांगू शकणारे स्थापत्य अभियंते. त्यांनीही जिल्हा नियंत्रण कक्षाला, म्हणजे १०७७ या क्रमांकावर, कळवल्याशिवाय निघू नये. बाकीच्यांनी घरी थांबून रक्तपेढीला फोन करावा. मात्र, सगळ्यांनी एकाच दिवशी रक्त देऊ नये; रक्तातील लाल पेशी पाच-सहा आठवड्यांपलीकडे ठेवता येत नाहीत आणि प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात, पण ज्यांचे पाय चिरडलेले आहेत त्यांच्या शस्त्रक्रिया महिनोन्‌महिने चालतात. आपल्या गटात चाळीस रक्तदाते असतील तर त्यांनी आठवड्याला पाच अशा पाळ्या लावाव्यात.

दीड महिन्यानंतर चित्र पालटते. मंत्री येऊन गेलेले असतात, वाहिन्यांच्या गाड्या दुसरीकडे वळलेल्या असतात, तंबूंची कापडे विरलेली असतात आणि माणसांना पहिल्यांदाच खरे रडू येऊ लागते. किल्लारीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मदतीच्या गाड्या जवळजवळ थांबल्या होत्या, आणि तेव्हाच कागदपत्रांचे काम डोंगराएवढे झाले. रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळे मातीत गेलेले. पहिल्या दिवसांत रोगराईच्या भीतीने मृतदेह घाईघाईने सामूहिक चितांवर ठेवले गेले होते आणि कोणाला कुठे दहन केले याची नोंद अनेक ठिकाणी राहिली नव्हती. भूकंपात मेलेल्या माणसांच्या देहांतून साथ पसरते ही समजूत मुळात चुकीची आहे; जागतिक आरोग्य संघटनाही तसेच सांगते. पण त्या घाईची किंमत विधवांना मृत्यूच्या दाखल्यासाठी आणि वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालून मोजावी लागली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी अर्ज लिहिणारा, पंचनाम्याची प्रत मागणारा, बाईबरोबर तहसील कार्यालयात जाऊन दिवसभर बाकावर बसणारा माणूस त्या वेळी डॉक्टरइतकाच मोलाचा होता. आपल्या गटात निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक किंवा महसूल खात्यातील कोणी असेल, तर सहा तरुणांच्या आधी त्यांना पाठवावे. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरलेला स्वयंसेवक एक निवृत्त मुख्य लिपिक होता. तो चार महिने राहिला, रोज सकाळी पिंपळाच्या पारावर टेबल मांडून बसायचा आणि कार्बन पेपर लावून प्रत्येक अर्जाची प्रत अर्जदाराच्या हातात ठेवायचा.

जाणाऱ्यांनी स्वतःचे पाणी, शिधा, अंथरूण, औषधे आणि झोपण्याची सोय बरोबर न्यावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे, जाड तळाचे बूट असावेत आणि तडा गेलेल्या घरात, मालकाने कितीही विनवले तरी, पाऊल टाकू नये. नेपाळमध्ये पहिल्या भूकंपानंतर सतराव्या दिवशी, १२ मे २०१५ रोजी, ७.३ तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला आणि आधीच खिळखिळी झालेली घरे तेव्हा कोसळली. निदान तीन आठवडे एकाच गावी राहू शकत नसेल त्याने जाऊ नये, असा मी नियमच केला आहे. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला माहिती देण्यात गावकऱ्यांचे दोन दिवस जातात. छायाचित्रांविषयी एवढेच सांगते की ढिगाऱ्यासमोर उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढणाऱ्याला मी त्याच संध्याकाळच्या एस.टी.ने परत पाठवलेले आहे.

मुलांच्या बाबतीत फारच काळजी घ्यावी लागते. भूकंपानंतर काही दिवसांतच “एखादे अनाथ मूल आम्ही घरी नेऊ” अशी पत्रे येऊ लागतात. हेतू चांगला असतो, पण आई-वडील गेलेल्या बहुतेक मुलांना मामा, आत्या, आजी अशी माणसे असतात, आणि हरवलेले मूल म्हणजे अनाथ मूल नव्हे. कायद्याप्रमाणे अशा मुलाविषयीचा निर्णय बालकल्याण समितीच घेते. कोणाला मूल एकटे आढळले तर १०९८ वर कळवावे. किल्लारीच्या वेळी शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले आणि वाघोलीला त्यांची शाळा व वसतिगृह उभे राहिले. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ सुरू केले. या दोन्ही कामांचे मला विशेष वाटते ते त्यांनी मुलांना ताब्यात घेतले म्हणून नव्हे, तर मुले शिकून मोठी होईपर्यंतची जबाबदारी त्यांनी पत्करली म्हणून. दहा वर्षे शिक्षणाचा खर्च उचलण्याची आपल्या गटाची तयारी असेल, तर मूल त्याच्या आजीजवळ ठेवून तेच करावे.

घरबांधणीत देणगीदारांनी केलेल्या चुका मी जवळून पाहिल्या आहेत. किल्लारी परिसरातील पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून हा कार्यक्रम राबवला. अनेक गावे संस्थांनी आणि उद्योगांनी दत्तक घेतली. घराचा आकार कुटुंबाकडे किती जमीन आहे यावरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यावर ७५० चौरस फूट. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या घरात माणसे कमी असतात असा तर्क कोणत्या शास्त्रात बसतो, हे मला आजही उमगलेले नाही. काही ठिकाणी वास्तुरचनाकाराच्या हौसेखातर घुमटाच्या आकाराची घरे बांधली गेली. गोल भिंतीला कपाट लागत नाही, देव्हारा नीट बसत नाही आणि पुढे एक खण वाढवायचा म्हटले तर वाढवता येत नाही, म्हणून लोकांनी त्यांच्या शेजारी पत्र्याची शेड ठोकून तिथे संसार मांडला. नव्या गावांचे रस्ते रुंद आणि सरळ होते, पण जुन्या गल्लीत दारात बसून शेजारणीशी बोलता येई ते गेले, आणि शेत लांब पडले. गावच्या प्रवेशावर देणगीदाराच्या नावाची कमान मात्र सगळीकडे वेळेत पूर्ण झाली.

याच्या उलट, ज्या शेकडो गावांत घरे पूर्ण पडली नव्हती तिथे सरकारने पैसा आणि साहित्य मालकाच्या हाती देऊन सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण त्यांच्याकडूनच करून घेतले. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. गवंड्याने भिंतीत आडवे दगड घातले की नाही, भिंतीतील काँक्रीटच्या पट्ट्यातली सळई नीट बांधली की नाही, दुसरा हप्ता कोणाचा अडला आहे, हे त्या बायका पाहत. सुरुवातीला लोकांना दगडाची इतकी धास्ती बसली होती की दगडी भिंतीखाली झोपायला कोणी तयार होत नसे. मारले ते दगडाने नव्हे, तर न बांधलेल्या दगडाने, हे पटवायला अभियंत्यांपेक्षा या बायका जास्त उपयोगी पडल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवच्या अशा काही बायका तिकडे जाऊन तेथील बायकांना भेटल्या. मीही त्या काळात कच्छमध्ये होते. भाषा येत नसूनही त्यांचे आपसात जे बोलणे झाले ते कोणत्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानाहून परिणामकारक होते, कारण “माझं पण घर पडलं होतं” हे वाक्य फक्त त्याच म्हणू शकत होत्या. म्हणून स्वयंसेवकांवर खर्च करायचा तर आधीच्या भूकंपातून सावरलेल्या माणसांच्या प्रवासावर तो करावा, असे मी सुचवते.

पैसे कोणाला द्यावेत, याविषयी माझी पसंती स्पष्ट आहे. निम्मी रक्कम लगेच मुख्यमंत्री साहाय्यता निधीला किंवा त्या भागात भूकंपापूर्वीपासून काम करणाऱ्या संस्थेला द्यावी आणि निम्मी बँकेत ठेवून सहा महिन्यांनी, स्वतः जाऊन पाहिल्यावर द्यावी. संस्था निवडताना ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दाखवते का, आणि त्या तालुक्यात तिची माणसे आधीपासून राहतात का, हे पाहावे. भूकंपानंतर दोन दिवसांत नव्याने जन्मलेल्या संस्थांना, आणि कोणाच्याही वैयक्तिक खात्याला किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडला पैसे पाठवू नयेत. देणगी चेकने किंवा ऑनलाइन द्यावी, कारण दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, आणि वस्तूरूप देणगीला तर मुळीच नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत लागू नाही, तेव्हा पावतीच्या मोहात न पडता संस्था पाहून द्यावे.

आपल्या गटातील काहींची मुले अमेरिकेत आणि दुबईत आहेत आणि त्यांनाही हातभार लावायचा आहे, असे आपण लिहिले आहे. इथे एक कायदेशीर अडचण लक्षात ठेवावी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची किंवा परदेशातील मंडळाची देणगी फक्त विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदलेल्या किंवा पूर्वपरवानगी मिळालेल्या संस्थेलाच घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणजे मोठ्या शहरातील नोंदणीकृत विश्वस्त संस्थेकडे पैसे पाठवून तिने ते गावातील छोट्या मंडळाला द्यावेत, हा जुना मार्ग आता बंद आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी मुलांनी आपल्या नेहमीच्या बँकखात्यातून दिलेली देणगी मात्र या कायद्याने विदेशी योगदान मानली जात नाही. कोणाचे नागरिकत्व काय आहे, याची यादी आत्ताच करून ठेवावी. गडबडीच्या दिवसांत ती होत नाही.

पैशांचा उपयोग सुचवायचा झाला तर मी पुढील गोष्टी सुचवीन. रोख रकमेचे वाटप, विशेषतः घरातील बाईच्या खात्यात, बैल, शेळ्या, शिवणयंत्र किंवा पिठाची गिरणी यांसारखी उपजीविकेची साधने, गवंड्यांचे प्रशिक्षण, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांची वर्षानुवर्षे लागणारी देखभाल. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत दुर्लक्षित राहते. त्याचबरोबर, नुकसानभरपाईचे पैसे एकरकमी आल्यावर काही गावांत दारूची दुकाने कशी वाढली हे मी पाहिले आहे. त्यामुळे बाईचे खाते उघडून देणे हे मला केवळ हिशेबाचे काम वाटत नाही.

राहिली ती चौदा पोती. ती गोदामात ठेवून भूकंपाची वाट पाहू नये. त्यातील चांगले कपडे पुण्यातच गरजूंना द्यावेत आणि उरलेले बोहारणीला देऊन तिच्याकडून स्टीलची पातेली, ताटे आणि झाकणाचे डबे घ्यावेत. भांडी कुजत नाहीत, त्यांना माप लागत नाही, आणि घर पडलेल्या बाईला दुसऱ्या महिन्यात चूल मांडताना नेमकी तीच कमी पडतात. त्या वेळी तेथून यादी आली आणि तिच्यात भांडी असली, तर ती पाठवावीत. नसली तर आपल्या सोसायटीच्या पुढच्या गणपतीच्या प्रसादाला ती कामी येतील.